गायरानावरच्या घोड्यांना परवाना द्या, पण आधी माळ बघून या : ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच, सगळे सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि ग्रामसभेला येणारे समस्त गावकरी,

सप्रेम नमस्कार.

येत्या ग्रामसभेत गायरानावर घोडे चारण्याबद्दलचा ठराव मांडणार आहात, त्याचा मसुदा गावच्या ग्रुपवर आला आणि मी तो दोन-तीनदा नीट वाचला. थोडक्यात असं आहे की गावातल्या प्रत्येक घोड्यामागे वर्षाला हजार रुपये भरून परवाना घ्यायचा, परवाना असेल तर घोडा बाराही महिने गायरानावर चालेल, बाहेरगावच्या घोड्याला पूर्ण बंदी, आणि मोकाट सापडला की कोंडवाड्यात टाकून दंड. नियम हवा याबद्दल माझं दुमत नाही, उलट चार वर्षं उशीर झाला असंच मी म्हणेन. पण हा मसुदा जसाच्या तसा पास झाला तर ज्याच्यामुळे माळ उघडा पडतोय त्याला हजार रुपयात मोकळीक मिळेल आणि ज्याचा काहीच दोष नाही त्याला आपण वेशीवरून हाकलून देऊ, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ग्रामसभेत माईक हातात येईपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात हे पण एक कारण आहे.

मी स्वतः बैलगाडा शर्यतीतला गाडामालक आहे, घरात घोडी आहे, त्यामुळे घोडेवाल्यांच्या विरोधात बोलतोय असं कोणी समजू नये आणि त्यांची वकिली करतोय असंही समजू नये. घरात दोन गाया पण आहेत आणि त्या पण त्याच माळावर जातात.

मुळात घोडे एवढे वाढले कशानी ते आधी बघू. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालानी बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर सगळीकडच्या गाडामालकांनी घोड्या विकून टाकल्या होत्या, बैल ठेवले तेच नशीब. मग 16 डिसेंबर 2021 ला कोर्टानी परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानी ती कायम केली, आणि तिथून पुढे घाट, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्ट्या, पुन्हा गजबजले. आपल्याकडची शर्यत म्हणजे चार बैल आणि पुढं घोडी, हे घाटात बारी बघितलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. शर्यतीत घोडी असावी का नसावी हा वाद वेगळा आहे, तो इथे नको. मुद्दा एवढाच की पूर्वी एखाद-दुसऱ्या दावणीला असलेली घोडी आता गल्लीगल्लीत झाली, पोरं सारंगखेड्याच्या बाजारातून, अकलूजवरून जनावरं आणायला लागली, त्यात लग्नाच्या वरातीला भाड्यानी देणारे वेगळे, आणि नुसती हौस म्हणून, रील काढायला म्हणून घेतलेले वेगळे. घोडं घेताना किंमत बघितली जाते, पण त्याचा रोजचा खर्च कोणी धरत नाही. सीझन असतो तोवर हरभरा, भुसा, चुनी, कडबा सगळं मिळतं, मालिश पण होते. जूनमध्ये घाट बंद झाले की खुराक बंद, आणि घोडी गायरानावर.

आता इथेच सगळी गोम आहे आणि मसुद्यात त्याबद्दल एक ओळ नाही.

आपला माळ जूनच्या पहिल्या पावसानंतर हिरवा दिसायला लागतो, पण तेव्हा ते गवत नसतंच, नुसते कोंब असतात. मारवेल, पवना, डोंगरी, ही आपली चांगली गवतं बारमाही आहेत, जुन्या खोडातून फुटतात, आणि त्या पहिल्या महिना-दीड महिन्यात पानं वाढली तरच मुळांमध्ये ताकद साठते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला बी धरतं. त्याच वेळी ते जमिनीबरोबर कुरतडलं गेलं तर बी पण नाही आणि मूळ पण हळूहळू मरतं, मग त्या जागी कुसळ येतं, तरवड येतो, घाणेरी येते, आणि दोन-चार वर्षात गुरं त्या बाजूला फिरकत पण नाहीत. ओढ्याच्या अलीकडचा भाग जाऊन बघा, तिथे हेच झालंय. लहानपणी त्याच भागात कापणीला आलेलं गवत कमरेला लागायचं, आता मुरूम दिसतो.

गाय पण चरते आणि घोडी पण चरते, मग घोडीलाच का वेगळा नियम, असं काही जण म्हणतात. फरक आहे हो. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेनी गवताचा झुपका वेढून ओढते, त्यामुळे खाली बोटभर-दोन बोटं गवत उरतं. घोड्याला वर-खाली दोन्ही दात, शिवाय ओठ असे चालतात की आवडीचं गवत निवडून अगदी बुडापासून कापतो. गाय खाऊन बसते आणि रवंथ करते, घोडं रवंथ करत नाही, त्याचा चारा मोठ्या आतड्यात पचतो आणि मोकळं सोडलं तर दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास तोंड खालीच. तीनशे किलोची घोडी म्हटली तरी दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा होईल एवढं खाते, आणि ओलं गवत असेल तर त्याच्या कितीतरी पट. त्यात घोडं लीद टाकतं त्या जागी पुन्हा चरत नाही. टाकीच्या वरच्या सपाटीवर सकाळी जाऊन खाली वाकून बघा, लीद पडलेल्या जागांवर गुडघाभर पिवळं जाड गवत उभं आहे आणि मधली सगळी जागा न्हाव्यानी वस्तरा फिरवल्यासारखी. लांबून बघितलं तर वाटतं गवत आहे की, कुठे संपलंय. पण जे उभं आहे ते घोडी खात नाही, आणि जे खाते ते उरलेलं नाही.

याच्यातच एक चांगली गोष्ट पण आहे. घोड्याच्या पोटातले जंत बहुतेक गायीला लागत नाहीत आणि गायीचे घोड्याला लागत नाहीत. पावसाळ्यात लिदीतून अळ्या गवतावर चढतात आणि पुढचं घोडं तेच खातं, म्हणून पाच-सहा घोडी एकाच तुकड्यावर राहिली की सगळी पोटाला धरतात. पण त्याच जागी मागून गायी सोडल्या तर त्या लिदीच्या आजूबाजूचं गवत खाऊन काढतात आणि जंतांची साखळी पण तुटते. म्हणजे घोडं आणि गाय यांचं भांडण असायलाच पाहिजे असं काही नाही, आधी कोण आणि मागून कोण, किती दिवस, एवढं ठरवलं तर जमतं. माझ्या मते आपल्या ठरावात सगळ्यात महत्त्वाचा शब्द परवाना नसून महिना असला पाहिजे. जूनपासून दसऱ्यापर्यंत गायरानावर एकही घोडं नाही, माझं पण नाही. ज्याला घोडी ठेवायची त्यानी ते चार महिने दावणीला कापून घालावं, ऐपत नसेल तर ठेवू नये. जरा कडक वाटेल, पण गाडा पळवायला लाखांनी खर्च करतो तिथे चार महिन्यांचा चारा जड व्हायला नको.

गायींचं आणि शेळ्यांचं मात्र असं करून चालणार नाही. ज्यांच्याकडे वावर नाही, दोन-चार शेळ्यांवर घर चाललंय, त्या आयाबायांनी पावसाळ्यात शेळ्या न्यायच्या कुठे. त्यांच्यासाठी ओढ्यानी माळाचे दोन भाग आपोआपच पडलेत, एका वर्षी अलीकडचा बंद, दुसऱ्या वर्षी पलीकडचा. हिवरे बाजारनी चराईबंदी करून दाखवली आणि लोक तिथून विळ्यानी गवत कापून नेतात हे आपण सहलीला जाऊन बघून आलोय, फोटो पण काढलेत. तेवढी कडक बंदी आपल्याला झेपणार नाही असं मला वाटतं, पण अर्धा माळ तर झेपेल.

आता बाहेरच्या घोड्यांकडे येतो, कारण याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आपल्याकडे बाहेरचे घोडे म्हणजे कोणाचे हो? दिवाळीनंतर पारनेर, संगमनेरच्या बाजूनी मेंढपाळ येतात, ओतूरवरून माळशेज उतरून खाली मुरबाड-कल्याणकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात, त्यांचेच. त्यांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या तांड्याबरोबर, तीन-चार तट्टं असतात, त्यांच्यावर सगळं बिऱ्हाड, भांडी, घोंगडी, जाळी, कोंबड्यांचं खुराडं, वर लहान पोरगं नाहीतर नुकतं जन्मलेलं कोकरू. आपल्या शिवारात ते एक-दोन रात्री, फार तर तीन रात्री थांबतात. आणि कधी थांबतात तर दिवाळीनंतर, म्हणजे गवताचं बी पडून गेल्यावर, वाळलेल्या गवतावर. म्हणजे माळाचं नुकसान होतं ते जून-जुलैत आणि ते गावच्या घोड्यांनी, आणि बंदी कोणाला तर नोव्हेंबरात दोन रात्री थांबणाऱ्याला. हा न्याय कुठला?

आणि यांना आपणच बोलावतो. कांद्याची रोपं टाकायच्या आधी वावरात मेंढ्या बसवायला मेंढपाळाला फोन कोण करतं, आपणच की, वर धान्य आणि पैसे देऊन बसवतो कारण मेंढीचं खत कुठल्या गोणीत मिळत नाही. मेंढ्या पाहिजेत पण त्यांचं तट्टू नको, मग त्या बाईनी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन माळशेज उतरायचा का. काही जण आता छोटा टेम्पो करतात, पण डोंगराच्या पायवाटेनी टेम्पो जात नाही, आणि सगळ्यांना परवडत पण नाही.

अजून एक. हे जे धनगरी तट्टू आपण हलक्यात घेतो ना, ती भीमथडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली, मराठ्यांच्या फौजांनी अटकेपर्यंत जिच्यावर मांड ठोकली असं आपण शाळेत छाती फुगवून सांगतो तीच. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे भीमथडी संपली. ती संपली नव्हती, मेंढपाळांच्या वाड्यात ओझी वाहत होती, पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या माळांवर. 2024 मध्ये जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोनी तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती नोंद होण्याइतकी जनावरं शिल्लक राहिली ती कुठल्या सरकारी फार्ममुळे नाही, या फिरत्या लोकांमुळे. देशातच घोडे किती झपाट्यानी कमी झाले बघा, 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखाच्या आसपास होते, 2019 ला 3.4 लाख. निम्म्याच्या जवळ गेले सात वर्षात. असं असताना आपल्या गावानी ठराव करून या तट्टांना रात्रभर टेकायची जागा नाकारायची, आणि उद्या आपलं बघून पुढची गावं पण नाकारणार, हे मला अजिबात पटत नाही.

कायद्याचं मला माहिती आहे, भाऊसाहेब तेच सांगतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली कलेक्टर गायरान राखून ठेवतात आणि कलम 23 प्रमाणे तिथे चराईचा हक्क त्याच गावच्या जनावरांना. बरोबर आहे, हक्क गावचाच, मेंढपाळ पण हक्क मागत नाहीत, वाट आणि दोन रात्रींचा मुक्काम मागतात, तो पूर्वीपासून देत आलोय. ठरावात एवढंच लिहा की फिरस्त्या मेंढपाळांच्या ओझ्याच्या जनावरांना दसऱ्यानंतर, ग्रामपंचायतीला कळवून, तीन रात्रीपर्यंत, ठरवून दिलेल्या पट्ट्यात मुक्काम करता येईल, फी नाही. कळवायला फोन पुरे. जायच्या-यायच्या तारखा वहीत लिहून ठेवा, म्हणजे कुठे पीक खाल्लं, काही झालं तर उगाच अंदाजानी त्यांच्यावर नाव येणार नाही. आजपर्यंत आलेलं आहे, सगळ्यांना माहिती आहे.

कायद्याचाच विषय निघाला तर दुसरं पण बोलतो, कडू लागलं तरी. 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानी गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आणि त्याच वर्षी 12 जुलैला आपल्या सरकारचा जीआर पण निघाला. त्याला आता किती वर्षं झाली. आपल्या गायरानाच्या कडेनी किती बांध आत सरकलेत, किती शेड, किती कांदा चाळी उभ्या राहिल्या हे मी नावं घेऊन लिहीत नाही, पण मोजणी मागायची तयारी आहे का कोणाची? सौर कृषी वाहिनी योजनेसाठी पण गायरानं घेतली जातायत, दिवसा वीज आपल्याला पाहिजेच आहे त्याला माझा विरोध नाही, पण मग उरलेल्या जागेवर तेवढीच जनावरं कशी मावतील ते आधी सांगा. माळ दर वर्षी आकसतोय आणि आपण घोडे मोजत बसलोय. ठरावाच्या आधी एकदा तलाठी, सर्व्हेअर आणून हद्दी कायम करा, नाहीतर कितीही परवाने छापले तरी उपयोग नाही.

कोंडवाड्याचं तर बोलायलाच नको. तुम्ही कोणी अलीकडे आत जाऊन आलात का? शाळेमागची ती दगडी भिंत छातीला पण लागत नाही, आत बाभळी वाढल्यात, पत्रा उडून गेलाय, पाण्याची हाळ फुटलेली आहे, आणि कोपऱ्यात कोणीतरी लोखंडी सळया टाकून ठेवल्यात. तिथे गाय उभी राहील, घोडं राहणार नाही, ते एक तर भिंतीवरून उडी मारेल नाहीतर सळईवर पोट फाडून घेईल. 1871 चा जुना कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट आहे त्यात घोडे, घोड्या, तट्टं, शिंगरं, खेचरं सगळी धरली आहेत, म्हणजे कोंडायचा अधिकार आहेच. पण कोंडलं की खायला-प्यायला घालायची जबाबदारी पण कोंडणाऱ्याची आहे, सात दिवसात मालक आला नाही तर नोटीस, नोटिशीनंतर सात दिवसांनी लिलाव, हे सगळं रीतसर करावं लागतं. आपल्याकडे पाणी कोण घालणार, शिपाई एकच आणि तो नळ सोडायला पळतोय. कोंडवाड्यात घोडं मेलं तर केस मालकावर नाही, ग्रामपंचायतीवर होईल. आधी भिंत वाढवा, हाळ बांधा, सावली करा, मगच दंडाची भाषा करा, तोपर्यंत घोडं जागेवर न पकडता फोटो काढून मालकाच्या घरी नोटीस द्या.

पण मालक कोण हे कळणार कसं, हा खरा प्रश्न आणि परवान्याचा खरा उपयोग इथे आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री कल्याण-नगर हायवेवर घोडी आडवी आली आणि मोटारसायकलवाला पोरगा जखमी झाला, दुसऱ्या दिवशी त्या घोडीचा मालक आख्ख्या गावात सापडला नाही. शर्यत जिंकली असती तर डीजे लावून चौघं मालक पुढे आले असते. गायी-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, घोड्याला काहीच नाही. म्हणून परवाना म्हणजे पैसे भरल्याची पावती नको, तो ओळखीचा कागद असू द्या. रंग, उंची, वय, कपाळावरचा टिळा, कुठले पाय पांढरे, आणि अंगावर केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत. घोडं घेताना आपण भोवरे बघून शुभ-अशुभ काढतो, भाव पाडतो, ते सगळं मला पटत नाही, पण भोवऱ्यांची जागा जन्मभर बदलत नाही आणि ओळख पटवायला त्याच्याइतकं फुकटचं साधन नाही. दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो काढा, मालकाचा मोबाईल नंबर लिहा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती करून मायक्रोचिप बसवता आली तर उत्तमच. विकलं की महिन्याच्या आत नाव बदलायचं, मेलं तर कळवायचं.

त्याच दिवशी रक्त पण तपासायला पाठवा. ग्लँडर्सबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. नाकातून घट्ट शेंब येतो, अंगावर गाठी फुटतात, घोड्या-खेचरांचा रोग आहे पण माणसाला पण होतो आणि जीव जातो. 2006 साली तो महाराष्ट्रातच पुन्हा वर आला होता. याला ना लस आहे ना घोड्यावर उपचार करत बसायची परवानगी, नमुना हिसारच्या घोड्यांच्या संशोधन केंद्राकडे जातो, पॉझिटिव्ह पक्का झाला की जनावर संपवावं लागतं आणि आजूबाजूच्या घोड्यांची ने-आण बंद. दहा बाजारातून आणलेली जनावरं एकाच हाळावर पाणी पितात आपल्याकडे. एक जरी सापडलं तर यात्रेतली घाटाची शर्यत विसरा. म्हणून बाहेरून विकत आणलेलं घोडं आधी वेगळं बांधायचं, रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, मगच परवाना. याला आपलेच गाडामालक नाराज होतील, होऊ देत, मी त्यांच्याशी बोलायला तयार आहे.

नर घोड्यांचा नियम मसुद्यात नाहीच. एकही न खच्ची केलेला घोडा गायरानावर सुटा नको, कधीच नको. दोन नर समोरासमोर आले की काय होतं ते पाण्याच्या टाकीपाशी बायकांनी बघितलंय, आणि नको तेव्हा नको त्या घोड्या गाभण राहून बिनमालकाची शिंगरं माळावर वाढतायत ती वेगळीच. इंग्लंडमध्ये न्यू फॉरेस्ट म्हणून मोठं सामायिक कुरण आहे, तिथे शेकडो वर्षांपासून गावकऱ्यांची तट्टं मोकळी चरतात. तिथे निवडक पास केलेलेच नर, तेही वर्षातून थोडेच दिवस सोडतात. आणि वर्षाची फी भरली की तिथला राखणदार तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक पद्धतीनी कातरतो, प्रत्येक राखणदाराची कातरायची तऱ्हा वेगळी, म्हणजे लांबूनच कळतं की याचे पैसे भरलेत आणि हे कुठल्या भागातलं आहे. मला हे फार आवडलं. पावती घरात हरवते, शेपूट हरवत नाही. आपल्याकडे पण दसऱ्याला नोंदणी झाली की शेपटीला खूण करता येईल, खर्च एका कात्रीचा.

पैशाबद्दल. हजार रुपये सगळ्यांना सरसकट का? एक घोडी असेल तर कमी घ्या, दुसरीला जास्त, तिसरीला त्याहून जास्त, वरातीच्या धंद्याच्या घोड्यांना वेगळा दर. कुंभाराच्या, बेलदाराच्या गाढवांना यात ओढू नका, मसुद्यात 'घोडा व तत्सम' असा शब्द टाकलाय तो काढून टाका, त्या दोन घरांची पोटं त्यावर आहेत. आणि जमलेले पैसे ग्रामनिधीत गडप व्हायला नकोत, वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून हाळ, घाणेरी काढणं, मारवेलचं बी टाकणं, दसऱ्यापर्यंत एक राखणदार, एवढंच करा. खात्याचा हिशोब यात्रेच्या हिशोबासारखा फळ्यावर लिहा.

बिबट्याचं पण एक वाक्य हवं ठरावात. जुन्नर तालुक्यात राहून रात्री शिंगरू माळावर सोडणं म्हणजे बिबट्याला वस्तीच्या कडेपर्यंत बोलावणं. माळावरून शिंगराच्या मागे आला की पुढे कुत्री, पुढे शेळ्या, आणि पुढे काय होतं ते या तालुक्यातल्या आईबापांना सांगायला नको. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात किती बिबटे नेऊन ठेवणार. अंधार पडायच्या आत प्रत्येक घोडं दावणीला आलंच पाहिजे, परवाना असो नसो. पुढचे दोन पाय दोरीनी जवळजवळ बांधून रात्रभर माळावर सोडायची जी पद्धत पडलीय ती तर ताबडतोब बंद करा, त्या घोडीला पळता पण येत नाही आणि दोरी मांसात रुतते. त्याला 1960 चा प्राण्यांच्या छळाचा कायदा लागू होतो, आणि नसता झाला तरी आपल्याला बघवलं नाही पाहिजे.

शेवटी मागणी अशी आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मंजूर करू नका, पुढच्या सभेपर्यंत ठेवा. तोवर एक समिती करा, त्यात गाडामालक दोनच घ्या, बाकी गायीवाले, शेळ्या राखणाऱ्या किमान दोन बायका, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर, आणि दिवाळीनंतर वाडा इथे येईल तेव्हा मेंढपाळांपैकी एखादा जाणता माणूस किंवा त्यांच्यातली एखादी बाई, कारण बिऱ्हाड आणि तट्टं त्याच सांभाळतात. समितीनी ऑफिसात बसून नाही, एका सकाळी माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून नियम लिहावेत. सरपंचताई, तुम्ही स्वतः आलात तर फार बरं होईल, तुमच्या माहेरी मेंढरं होती, तुम्हाला गवत बघितल्यावर कळतं.

नोंदणी सुरू कराल त्या दिवशी पहिली घोडी माझी आणतो, रक्त काढायचे जे पैसे होतील ते पण भरतो. आणि जूनपासून दसऱ्यापर्यंतची बंदी मतदानाला टाकाल तेव्हा हात वर करून घ्या आणि बाजूनी कोण, विरोधात कोण हे प्रोसिडिंगमध्ये नावानिशी लिहा. माझं नाव बाजूनी लिहून ठेवा.

आपला,
गावातलाच एक गाडामालक